राजपुरीची खाडी आणि भरतीचे गणित

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ राजपुरीची खाडी अरबी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, भर पाण्यात, जंजिरा किल्ला उभा आहे. या खाडीतील सारे व्यवहार भरती-ओहोटीवर चालतात.

समुद्राला साधारणपणे दिवसातून दोनदा भरती येते. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते, पण तेवढ्या वेळात चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकतो. त्याला गाठण्यासाठी पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे फिरावे लागते. म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते.

कोकणातील लोकांनी यासाठी सोपा हिशेब बसवला आहे : तिथीची पाऊणपट करावी. शुद्ध किंवा वद्य चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, तर अष्टमीला सहाच्या सुमारास. एकदा दिवसा, एकदा रात्री. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असते. तेव्हा येते ती भांगाची भरती.

ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. निवट्या त्यावर उड्या मारतात, बायका शिवल्या व कालवे गोळा करतात. कांदळाची श्वसनमुळे हवा घेतात. भरतीला त्याच मुळांच्या जाळीत माशांची पिल्ले आसरा शोधतात.

इतिहासही पाण्याने घडवला. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेतील माणसे या किनाऱ्यावर आली. कोणी खलाशी, कोणी सैनिक, तर कित्येक गुलाम म्हणून. त्यांचेच वंशज सिद्दी. जंजिऱ्यावर त्यांची सत्ता १९४८ पर्यंत टिकली. १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला; पण मोगल फौज कोकणात उतरल्याने त्यांना परतावे लागले.

आज भरावाचा धोका निराळा आहे. कांदळवन तोडून काठ बुजवला, तर उधाणाच्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, माशांची पिल्लेही आसऱ्याला मुकतात आणि कोळ्यांचे जाळे रिकामे राहते. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनांच्या तोडीस मनाई केली.

हिंजवडीहून समुद्र दिसत नाही. पण भिंतीवरची दिनदर्शिका आहे. आजची तिथी पाहा, पाऊणपट करा आणि छापील भरतीच्या वेळांशी ताडून पाहा. फरक किती पडतो?