इंजिनातून तेल गळतंय? आधी पुसा, मग पाना उचला



आपल्या मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. या दिवसांत आपण जाळी शिवतो, नावा दुरुस्त करतो. त्यात आणखी एक काम जोडा: इंजिनाची तेलगळती पाहणं. पांढुर्णा-सौसर भागात बहुतेक नावा वल्ह्यावर चालतात, हे खरं. पण बाजाराला मासळी नेणारी मोटरसायकल आणि तळ्यात पाणी भरणारं डिझेल इंजिन आपल्यापैकी बऱ्याच घरी आहे.

"थेंब थेंब तर गळते, काय होते?" असं आपण म्हणतो. हिशेब करून पाहा. तीन सेकंदांना एक थेंब म्हणजे मिनिटाला २० थेंब, अंदाजे १ मिली. तासाला ६० मिली, पाच तासांत ३०० मिली. मोटरसायकलमध्ये एकूण तेलच लिटरभर असते! तेल संपलं की पिस्टन जाम, आणि बर्फातली मासळी रस्त्यातच खराब.

बरीच गळती घरच्या घरी थांबते. पण एकट्याचं काम नाही, दोघं-तिघं लागतात.

१) आधी स्वच्छ करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चिंधीनं सगळं तेल-माती पुसून कोरडं करा. मळलेल्या इंजिनात गळती सापडत नाही.

२) जागा शोधा. पुसलेल्या भागावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, खाली जुना पुठ्ठा ठेवा. एकानं इंजिन चालू करावं, दुसऱ्यानं टॉर्च धरून लांबूनच पाहावं. तेल खाली वाहते, म्हणून थेंब पडतो तिथं नाही, सगळ्यात वर जिथं ओलं दिसते तिथं दोष असतो. पदर, ओढणी, बाही पट्ट्यापासून आणि फिरत्या चाकापासून दूर. लहान लेकरं जवळ नकोत. बंद खोलीत इंजिन चालवू नका आणि विडी बाजूला ठेवा.

३) सोपी कारणं आधी पाहा. तेल खुणेपेक्षा जास्त भरलंय का? ब्रीदरची नळी मातीनं बुजली का? ती बुजली की आतला दाब वाढतो आणि तेल सांध्यातून बाहेर येते. बोल्ट सैल झालेत का? खालच्या ड्रेन बोल्टचा वायसर दबलाय का? हा वायसर तेल बदलताना नवा टाकावा, किंमत अगदी थोडी असते.

४) झाकणाचं पॅकिंग बदलायचं असेल तर खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पोरापोरींना हे काम छान जमते. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल होत नाही. जुनं पॅकिंग हळूच खरवडा, कण आत पडू देऊ नका. सिलिकॉन लावायचंच असेल तर अगदी पातळ. जास्त लावलं तर त्याचे तुकडे आत जाऊन तेलाची जाळी बुजवतात.

५) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. जोर लावू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले की शंभराचं काम हजारांवर जाते.

६) पुन्हा पुसा, तेल खुणेपर्यंत भरा, दहा मिनिटं चालवा, बंद करून रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर काम झालं. तारीख वहीत लिहा.

मिस्त्रीकडे कधी न्यायचं? तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, इंजिन चालवूच नका. निळा धूर येत असेल तर तेल आतच जळतंय. पुढच्या चेन-चाकामागून किंवा फ्लायव्हीलमागून गळत असेल तर बहुतेक ऑइल सील गेलं. हे घरी उघडू नका.

आता आपल्या पोटाची गोष्ट. तळ्याच्या काठावर इंजिन असेल तर त्याखाली पत्र्याचा ट्रे ठेवाच. पाण्यावर तेलाचा तवंग आला की मासळीला वास लागतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. तवंगावर साबण टाकू नका. तेल जात नाही, बारीक होऊन पाण्यात मिसळते. तणस किंवा चिंधीनं वरचं तेल टिपून घ्या. काळं तेल कायद्यानं घातक कचरा आहे. ते जाम नदीत नको, नाल्यात नको. झाकणाच्या डब्यात साठवून जुनं तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. कन्हानचं पाणी पुढं नागपूरकरांच्या नळाला जाते, आणि आपली मासळी तर त्याच पाण्यात जगते.

पोळ्याला आपण बैल धुतो, सजवतो, कारण वर्षभर तो राबतो. इंजिनही राबते. बंदी उठायच्या आधी एक सकाळ त्याला द्या, घरच्यांना सोबत घ्या. अडलं तर संस्थेत विचारा, आपण मिळून पाहू.