'कान्थलच आहे, मॅडम'

'इलेक्ट्रिक भट्टी घ्यावी का?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, दुरुस्ती कोण करणार? 'कंपनीचा माणूस येतो की' हे उत्तर ठरलेलं. येतो ना. येतो, दोनदा चहा घेतो, जाण्यायेण्याचं भाडं बिलात लावतो आणि रात्रीच्या गाडीनं निघून जातो. अमरावतीत बसून आपण त्याचं काय करणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आमची कुंभारकामाची भट्टी सहा किलोवॅटची, सिंगल फेज, चार कॉइलची. मागच्या उन्हाळ्यात ती नऊशेच्या पुढे चढेना. झाकणाच्या भोकातून पाहिलं तर वरच्या दोन ओळी लालभडक आणि खालच्या दोन काळ्याठिक्कर. वर-खाली दोन वेगळी सर्किटं, प्रत्येकात दोन कॉइल एकापुढे एक जोडलेल्या. म्हणजे खालची एक कुठंतरी तुटली की तिची जोडीदारीणही बंद. हे मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, एक कॉइल पाठवा, आमचा वायरमन बसवेल. त्यावर कंपनीचे साहेब हसले. 'मॅडम, असं अर्धवट काम आम्ही करत नाही.'

पूर्ण काम म्हणजे काय, तर चारही कॉइल नव्या, वर कंट्रोलरही 'गेलाय' म्हणून नवा. तो कंट्रोलर आदल्या रात्रीपर्यंत तापमान बरोबर दाखवत होता. हे बोलले तर 'आतून गेलाय' असं उत्तर. जाताना त्यानं जुन्या कॉइल आणि जुना कंट्रोलर पिशवीत भरून नेला. 'स्क्रॅप तुमच्या काय कामाचं?' मी विचारलं, कॉइल कोणत्या तारेची? म्हणाला, 'कान्थलच आहे, मॅडम. स्वीडनची.'

पुढच्याच फायरिंगला एमसीबी पडला. उचलला, पुन्हा पडला. वायरीचा लग हात लावू देईना इतका तापलेला. फोन केला तर आधी 'तुमच्याकडची लाइटच खराब', मग 'एमसीबी हलका असेल', आणि शेवटी कहर म्हणजे 'तुमच्या भागात खारी हवा असते ना, त्यानं कॉन्टॅक्ट गंजतात.' खारपाणपट्टा कुठंतरी वाचला असावा बिचाऱ्यानं. तो दर्यापूरकडे, आणि तिथंही खार पाण्यात आणि मातीत, हवेत नाही. आमच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं गोड पाणी येतं. पण वऱ्हाड म्हटलं की काहीही खपतं!

वायरमननं क्लॅम्प मीटर लावला. ३५ अँपिअर. सहा किलोवॅटला २३० व्होल्टवर २६ हवेत. लाइट कमी दाबानं येत असेल तर करंट कमी दिसायला हवा, हा तर वाढला होता. म्हणजे दोष लाइटीचा नव्हता, कॉइलचा होता. पण कॉइलमध्ये नेमकं काय, ते अकोल्यात कळलं.

अकोल्याला डाळ मिलच्या मोटारी भरून देणारे एक मिस्त्री आहेत, हीटरच्या कॉइलही वळतात. कॉइलच्या शेपटीचा बोटभर तुकडा कापून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो नखानं घासला, वजन पाहावं तसा हातात उडवला. मग टेबलाखालच्या डब्यातून फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि तुकड्यावर टेकवलं. चुंबक सरळ घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी आपल्याकडची तार ठेवली. खट्कन चिकटली, उचलली तर लोंबकळायला लागली. 'ताई, हे कान्थल नाही जी. नायक्रोम हाय. तुमाले काय भावानं देल्लं?' भाव सांगितला तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

कान्थलमध्ये लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं, थंड असताना ते चुंबकाला धरतं. नायक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियम, ते धरत नाही. कान्थल ए-१ ची तार १४०० अंशांपर्यंत टिकते, नायक्रोमची हद्द साधारण १२००. ग्लेझ फायरिंगला भट्टीच १२०० ला जाते, तार त्याहून जास्त तापते. आणि त्याच जाडीची, त्याच लांबीची नायक्रोम तार वळली की रोध पाऊणपट होतो. सगळं कोडं उलगडलं : २६ चे ३५ त्यामुळे झाले, एमसीबी त्यामुळे पडला, लग त्यामुळे तापला. हवेचा काय संबंध!

साहेबांना फोन केला. पहिलं वाक्य, 'मॅडम, चुंबक लावून कुठं कॉइल तपासतात का?' दुसरं, 'वरच्यांना विचारून सांगतो.' चार दिवसांनी तिसरं, 'वापरलेली कॉइल परत घेता येत नाही, पॉलिसी आहे.' बिल काढून पाहिलं. 'हीटिंग एलिमेंट सेट – १.' बस. तारेचं नाव नाही, जाडी नाही, रोध नाही.

म्हणून सांगते, बिलावर तारेचा प्रकार, गेज आणि प्रत्येक कॉइलचा रोध ओममध्ये लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर पैसे देऊ नका. जुना भाग कुणालाही नेऊ देऊ नका. आमच्या तीन कॉइल धडधाकट होत्या, त्या आता कुणाच्या भट्टीत 'नव्या' म्हणून बसल्यात देव जाणे. चुंबक लावा, पण भट्टी थंड असताना. तापलेली कान्थलही चुंबक सोडते. चुंबक चिकटलं म्हणजे तार ए-१ च आहे असं नाही, हलक्या प्रतीचीही चिकटते. एवढंच कळतं की नायक्रोम नाही.

भट्टी नवी असतानाच मेन बंद करून मल्टिमीटरनं रोध मोजा आणि आकडे झाकणाच्या आत रंगवून ठेवा. तार जुनी होते तसा रोध वाढतो. दहा टक्के वाढला की कॉइल बदलायची तयारी. लाइटीचा दाबही फायरिंग चालू असताना मोजा. २३० ऐवजी २०० मिळाले तर दाब तेरा टक्के कमी दिसतो, पण उष्णता जवळपास चोवीस टक्के घटते, कारण हिशेब वर्गानं चालतो. मे महिन्यात सगळं शहर कूलर लावून बसलेलं असताना भट्टी अकराशेवर का अडते, ते यात आहे. आम्ही आता रात्री उशिरा लावतो.

एकदा तापलेली कान्थल थंड असताना वाकवू नका, काडीसारखी मोडते. खोबणीतून बाहेर आलेला वळसा गॅसच्या टॉर्चनं लाल करून हळूच आत ढकलायचा. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची वायर बदलायला नेहमीच्या वायरमनला एकट्याला सोडू नका. काही वायरींत लाल म्हणजे ऋण असतं. तो सवयीनं लाल धनाला जोडतो आणि भट्टी तापते तसा आकडा खाली जातो. कंट्रोलरला वाटतं भट्टी थंड आहे, तो करंट देतच राहतो. आत उष्णता दाखवणारा कोन ठेवा, आकड्यावर विसंबू नका. विटांच्या बारीक भेगा बुजवू नका, विटा फुगतात-आकसतात. आमच्या साहेबांनी त्या पांढऱ्या सिमेंटनं लिंपल्या होत्या. दोन फायरिंगमध्ये त्याचा भुगा होऊन ताज्या ग्लेझवर पडला. खोबणी ब्रशनं साफ ठेवा, शेल्फवर किल्न वॉश लावा, हातमोजे घाला, वगैरे वगैरे. हे सगळे सांगतात.

शिकायचंच असेल तर बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे, आपल्या विदर्भात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारांनाही टूलकिटचे १५,००० रुपये मिळतात, आणि त्यानंतर पुष्कळांना भट्टीचे डोहाळे लागतात. आमच्या ओळखीतले एक कुंभार काका त्यातलेच. त्यांचा आवा दर हंगामात ते स्वतः लिंपतात, जाळाच्या रंगावरून ओळखतात की माल पिकला. भट्टी घेऊ का विचारत होते. मी म्हटलं, घ्या, पण आधी माझी उघडून पाहा. उघडली. अर्ध्या तासात त्यांनी कॉइल काढायला आणि बसवायला शिकून घेतलं.

कंपनीचे साहेब मला अजून प्रत्येक सणाला शुभेच्छा पाठवतात. मी उत्तर देत नाही, नंबरही उडवलेला नाही. भट्टी घ्यायच्या आधी कुणी फोन करून विचारलं, तर नाव सांगते.