डीएनएमधला चौक आणि घराण्यातला कर्करोग

आजी स्तनाच्या कर्करोगाने गेली, आत्या अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, आणि आता थोरल्या बहिणीच्या छातीत गाठ आली. अशा घराबद्दल वस्तीत काय बोलले जाते ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी करणी, कोणी मागच्या जन्माचे भोग. खरे कारण आपल्या पेशीत असते. ते समजायला मोठी पदवी लागत नाही.

शाळेच्या पुस्तकात डीएनएचे चित्र असते: दोन धाग्यांचा पिळलेला गोफ. १९५३ पासून जगाला हेच चित्र माहीत आहे. पण डीएनए सदासर्वकाळ असा शिस्तीत बसत नाही. कुठे तो केसांच्या पिनेसारखा दुमडतो, कुठे तीन किंवा चार धागे एकत्र गुंफले जातात, आणि काही वेळा दोन गोफ मिळून चौक तयार होतो. आपल्याला आज या चौकाशी काम आहे.

पेशीतला डीएनए रोज दुखावतो. बिडी-तंबाखूचा धूर, उन्हातली अतिनील किरणे, एक्स-रे, शिवाय पेशीचे स्वतःचे कामकाज, सगळ्यांनीच त्याला इजा होते. एक धागा तुटला तर समोरचा धागा पाहून तो सांधता येतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर मात्र पंचाईत. वहीचे पान अर्धे फाटून हरवले तर आपण काय करतो? शेजारच्या मुलाची वही मागतो आणि तिच्यावरून उतरवून घेतो. पेशीही तेच करते. दोन पेशी होण्याआधी तिने डीएनएची दुसरी प्रत काढलेली असते. तुटलेल्या गोफाचा धागा त्या चांगल्या प्रतीत शिरतो, जुळणारा मजकूर शोधतो आणि नक्कल करत पुढे जातो. हे चालू असताना दोन गोफांचे धागे एकमेकांत अडकतात आणि चार रस्ते एका जागी मिळावेत तसा आकार होतो. १९६४ साली रॉबिन हॉलिडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बुरशीचा अभ्यास करताना हा आकार कल्पनेने मांडला. त्याचेच नाव चौकाला मिळाले, हॉलिडे जंक्शन. काम झाले की हा चौक सोडवावाच लागतो, नाहीतर दोन प्रती वेगळ्या होणार नाहीत. त्यासाठी पेशीत खास कात्र्या आहेत. माणसातली अशी एक कात्री, जेन-१ नावाचे प्रथिन, २००८ साली सापडली.

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना तर पेशी आपला डीएनए जागोजागी मुद्दाम कापते, आणि आईकडून आलेले व बापाकडून आलेले गुणसूत्र अशाच चौकांतून तुकड्यांची अदलाबदल करतात. एकाच आईबापाची मुले सारखी नसतात, त्याचे हे एक कारण. (एकसारखी जुळी सोडून.)

आता त्या घराकडे परत येऊ. हे सांधकाम करणाऱ्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके महत्त्वाची. बीआरसीए-२ चे प्रथिन राड-५१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोट धरून तुटक्या टोकावर आणून बसवते. राड-५१ नसेल तर धागा चांगल्या प्रतीत शिरतच नाही. मग पेशी तुटकी टोके कशीतरी चिकटवते, मजकूर चुकतो, चुका साठत जातात आणि त्यातून कर्करोग उभा राहू शकतो. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी पहिल्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवली, तोवर असा आजार एका जनुकातून घराण्यात चालतो हे अनेकांना पटत नव्हते. पुढे अमेरिकेत एका कंपनीने या जनुकांचे पेटंटही घेतले. निसर्गात जसा आहे तशा डीएनएवर कोणाची मालकी चालणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवले. आम्हाला हा निकाल औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

जन्मतः यातले एक जनुक बिघडलेले असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साठाहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. सगळ्यांना नाही, कारण प्रत्येकाकडे जनुकाची दुसरी चांगली प्रत असते, आणि तीही बिघडली तरच काम थांबते. हा बिघाड बापाकडूनही येतो. दर अपत्यामागे शक्यता निम्मी. म्हणून 'सुनेच्या माहेरचा रोग' हे बोलणे अडाणीपणाचे आहे. डॉक्टरांनी विचारले की आत्या, काकी नव्हे तर सख्खी चुलत बहीण, बापाची आई, यांचेही आजार सांगावेत. पुरुषांनाही धोका असतो, विशेषतः प्रोस्टेटचा.

सगळ्यांनी ही चाचणी करायची नाही. स्तनाच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींचाच आजार असा वारशाने आलेला असतो. पन्नाशीच्या आत आजार झाला, दोन्ही स्तनांत झाला, अंडाशयाचा झाला किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला, तर विचारावे. शक्यतो आजारी व्यक्तीची चाचणी आधी होते, रक्त किंवा लाळ पुरते. निदानाचा उपयोग उपचारातही होतो. ओलापॅरिबसारखी औषधे गाठीतल्या पेशीची सांधण्याची दुसरी वाटही बंद करतात आणि बीआरसीए गमावलेली पेशी मरते.

उरलेल्या नव्वद जणींसाठी हाताची तपासणीच कामाची. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित महिला कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. तिथे गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीनंतर ही तपासणी होते. दुखत नाही म्हणून गाठ घेऊन बसू नका, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, यातले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात जाऊन या.