पटर डिकीतून वर आण

खरं सांगू का, तुला वेळ नाही हे मला मान्य आहे. गच्चीबावलीचं ऑफिस, मुलाची शाळा भलत्याच टोकाला, सासूबाईंची औषधं आणि वर संध्याकाळचा तो ट्रॅफिक. ‘मनात आणलं की वेळ निघतो’ असलं काही मी तुला ऐकवणार नाही. ज्यांच्यासमोर कुणीतरी गरम ताट आणून ठेवतं, तीच माणसं असं बोलतात गं.

माझं म्हणणं वेगळं आहे. गोल्फमधल्या पटिंगचा सराव म्हणजे गोवळकोंड्याला जायचं, नया किल्ल्यातल्या कोर्सवर अर्धा दिवस काढायचा, असं तू धरून बसली आहेस. तो अर्धा दिवस मिळत नाही, म्हणून सराव होत नाही. अगं, लांब मारायचा ड्रायव्हर घरात फिरवता येत नाही, पंखा तरी जाईल नाहीतर टीव्ही. पटरला कसली भीती? अख्ख्या बॅगेत घरात सुखानं नांदणारा तो एकटाच, आणि त्यालाच तू पार्किंगमध्ये डिकीत कोंडून ठेवलंयस! आजच्या आज वर आण. हॉलच्या दाराआड, झाडूशेजारी उभा कर. समोर दिसला की हात आपसूक जातो बघ.

हिशेब तर बघ. पार 72 च्या कोर्सवर दर होलला दोन पट धरलेले असतात. अठरा होलचे झाले 36. निम्मा खेळ! तरी आपण रेंजवर गेलो की बादलीभर बॉल लांब मारण्यात संपवतो, आणि गाडीची किल्ली हातात घेतल्यावर ग्रीनची आठवण होते. मीसुद्धा हेच करायचे, कारण लांब गेलेल्या बॉलला ‘वाहवा मॅडम’ मिळते. तीन फुटांवरून टाकलेल्याचं कोण कौतुक करतंय?

आता अदिती अशोक आठव. 2021 चं टोकियो ऑलिंपिक. त्याच वर्षी कोविड होऊन गेलेला, अंगात पुरती ताकद नाही, इतरजणी तिच्याहून कितीतरी लांब मारताहेत. क्रमवारीत ती दोनशेवी, आणि कॅडी म्हणून बॅग खांद्यावर घेऊन चालतेय तिची आई. तरीही शेवटच्या शनिवारपर्यंत ती पदकाच्या शर्यतीत होती आणि चौथी आली. एका फटक्यानं पदक हुकलं. तिला तिथवर नेलं ते पटिंगनं. आईनं बॅग उचलली, हे मला तेव्हापासून फार आवडतं, पण ते असो.

तर घरचा सराव. नुसत्या फरशीवर बॉल सुसाट सुटतो, त्यामुळे हाताला खोटी सवय लागते. तुझ्याकडे वरंगळची सतरंजी आहे ना, पट्ट्यापट्ट्यांची? ती अंथर, सुरकुत्या नीट काढ. तिची एक पट्टी हीच तुझी रेघ. टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेव. खऱ्या होलची रुंदी सव्वाचार इंच असते, पेल्याचं तोंड त्याहून बरंच लहान. काही दिवस पेल्यात बॉल घातलास की मैदानावरचं होल घमेल्याएवढं दिसायला लागतं. पटरच्या दोन्ही बाजूंना मसाल्याचे दोन डबे ठेव, मध्ये पटर जेमतेम जाईल एवढीच जागा सोड. मनगट वळलं की डबा वाजतो, वेगळा शिक्षक नको. आणि हो, रात्री पेला नको गं. खालच्या मजल्यावरच्यांना तो खणखणाट त्यांच्या उशाशी ऐकू येतो, हे मला लिफ्टमध्ये अगदी गोड आवाजात सांगण्यात आलेलं आहे. रात्री हातरुमालाची घडी ठेवायची आणि बॉल तिच्यावर थांबवायचा.

वेळ कोणती, विचारशील. कुकर लावल्यावर. पहिली शिट्टी होईपर्यंत तू ओट्यापाशी नुसती उभीच असतेस, किंवा फोनवर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो बघत असतेस. तेवढ्यात तीन फुटांवरून सलग पाच टाकायचे. चौथा चुकला तर पुन्हा एकपासून. शिट्टी जवळ आली की छातीत जी धाकधूक होते ना, तीच शेवटच्या होलवर होते. बाहेर मैदानावर ती आणायची म्हटली तर स्पर्धेची फी भरावी लागते, इथे वरणभात शिजता शिजता फुकट. भाजी जळेल म्हणून भाजीच्या वेळी मात्र नको.

आणि तीन फूटच का, तेही ऐक. मोठमोठे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट टाकतात. निम्मे! तीन फुटांवरून मात्र ते क्वचितच चुकतात. मग मागच्या वेळी आठ फुटांवरून गेला नाही म्हणून तू गाडीत बसून तोंड पाडलंस, ते कशासाठी? तो विसर. तीन फुटांचा तेवढा आपला असू दे.

यामुळे कोर्सवर काय करायचं तेही सुटं होतं. तिथल्या सरावाच्या ग्रीनवर तीन फुटांचे अजिबात टाकत बसायचे नाहीत, ते घरी होतात. तिथे फक्त लांबचे. तीस फूट, चाळीस फूट, एवढा हॉल आपल्या कुणाच्या फ्लॅटला नाही. होलमध्ये घालायचा हट्ट नको, जवळ जाऊन थांबला की झालं. सकाळी दव असतं, बॉल मध्येच दमतो; ऊन चढलं की तोच ग्रीन पळायला लागतो. आपल्या गरम हवेत बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं गवत असतं, ते एका अंगाला झुकून वाढतं आणि त्याच्या उलट मारलं की बॉल अडतो. हे सतरंजीवर कळत नाही. त्यासाठी कॅडीचं ऐक. तो ‘मॅडम, इधर कू ढलान है’ म्हणाला की आपलं इंजिनीअरिंग बाजूला ठेवायचं. त्याचा जन्म त्या किल्ल्यात, त्या हत्तीएवढ्या गोरखचिंचेच्या आसपास गेलाय.

एप्रिल-मेमध्ये तर आठ वाजताच डोकं तापतं, आणि पावसाळ्यात ऐन सुट्टीच्या दिवशी कोर्स चिखलात. तेव्हा सतरंजीच धावून येते.

राहता राहिली ती तुझी खरी अडचण, जी तू मला सांगितली नाहीस पण मला ठाऊक आहे. सिंकमध्ये भांडी पडलेली असताना हातात पटर घेतला की तुला अपराधी वाटतं. बरोबर? आता बघ, तुझा नवरा रविवारी साडेपाचला बॅग घेऊन निघतो, तेव्हा सिंककडे बघून निघतो का? चांगला आहे गं तो, भांडण काढू नकोस. फक्त त्याच्याइतकंच सहज वाग. कुणाला विचारू नकोस, कारणं देऊ नकोस, आणि ‘तब्येतीसाठी करते’ असं तर मुळीच सांगू नकोस. एकदा औषध म्हटलं की घरातले सगळे डोस मोजायला लागतात. मुलाला बॉल आणायच्या कामाला लाव. सासूबाई पहिले काही दिवस बघून न बघितल्यासारखं करतील, मग ‘जरा डावीकडे गेला’ म्हणतील. त्यांचंही ऐकून घे, बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

येत्या रविवारी मी गाडी घेऊन सव्वापाचला तुझ्या गेटशी असेन. डबा करत बसू नकोस, वाटेत इडली खाऊ. आणि त्याआधी या आठवड्यात सलग पाच किती वेळा गेले ते मला कळव. खोटं सांगितलंस तर पहिल्याच ग्रीनवर कळेल.