आधी लॅपटॉपला विचारा, मग कार्ड घ्या

जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणं हे सगळ्यांत सोपं काम, असं कोणीही सांगेल. कार्ड स्वस्त, स्क्रू एक-दोन, वायरी दोन. यातलं काहीच खोटं नाही. पण नवं कार्ड चालणार की नाही, हे ठरवतो लॅपटॉप. म्हणून चौकशी त्याच्यापासून सुरू करायची, दुकानात शेवटी जायचं.

भाचीच्या कॉलेजसाठी मी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला लॅपटॉप घेतला. २०१२ सालचा, ऑफिसांतून एकगठ्ठा निघणाऱ्या मालातला. बांधा दणकट, कीबोर्ड झकास. मोबाइलवर घरच्या राउटरची २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांची दोन नावं दिसत, या लॅपटॉपवर एकच. आतलं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं होतं. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात अख्ख्या इमारतीचे राउटर दाटीवाटीने बसलेले. संध्याकाळ झाली की व्हिडिओ अडखळायचा.

म्हणून ५ गिगाहर्ट्झही पकडणारं कार्ड आणलं. खाचेत अगदी मापात बसलं. लॅपटॉप सुरू केला, तर विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली: अनधिकृत नेटवर्क कार्ड, लॅपटॉप बंद करून काढून टाका.

"मामा, बिघडला का?"

बिघडलं काहीच नव्हतं. त्या काळातल्या बऱ्याच बिझनेस लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादी असते. मांडवाच्या दाराशी आमंत्रितांची यादी घेऊन कोणी उभं राहावं, तसं बायोस कार्डाचा ओळख क्रमांक तपासतं आणि तो यादीत नसेल तर पुढे सरकतच नाही. गंमत म्हणजे एकाच चिपची दोन कार्डं दिसायला जुळी असली, तरी लॅपटॉप कंपनीच्या पार्ट नंबरचं चालतं आणि दुसरं अडतं. दुकानदाराने माझं कार्ड दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावून दाखवलं. "चालतंय की साहेब!" परत घ्यायचा प्रश्नच मिटला. पुढे योग्य पार्ट नंबरचं जुनं कार्ड मिळालं आणि काम झालं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मॉडेलचं पूर्ण नाव शोधणं. ते बहुधा तळाच्या लेबलावर असतं. त्या मॉडेलचं मेंटेनन्स मॅन्युअल अनेक कंपन्या इंटरनेटवर मोफत ठेवतात. त्यात चालणाऱ्या वायफाय कार्डांचे पार्ट नंबर असतात. ते लिहून घ्या आणि त्यांतलंच कार्ड मागा. बदललेलं बायोस टाकून यादी उडवून देणारे भेटतील, पण मधेच काही फसलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. स्वस्त कार्डापायी एवढा जुगार नको.

दुसरं, खाच पाहा. २०१२च्या आसपासच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस असते. पूर्ण कार्ड सुमारे ५१ मिलिमीटर लांब, अर्धं सुमारे २७. नंतरच्या लॅपटॉपांत एम.२ आली, तिथे वायफाय कार्ड बहुतेक २२ बाय ३० मिलिमीटरचं. इथला सापळा वेगळाच आहे. इंटेलचं एएक्स २०० हे कार्ड साध्या पीसीआय एक्स्प्रेसवर चालतं. एएक्स २०१ तसंच दिसतं, त्याच खाचेत बसतं, पण त्याला इंटेलचा ठरावीक चिपसेटच लागतो. आकडा एकाने मोठा, म्हणून जास्त चांगलं समजू नका.

तिसरं, अँटेना. तिच्या वायरी बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. लॅपटॉप मुळात वायफायशिवाय विकला गेला असेल, तर त्या नसण्याचीही शक्यता असते. म्हणून झाकण उघडून आधी बघाच. या वायरी कार्डावरच्या छोट्या गोल बटणांवर बसतात. मिनी कार्डाची बटणं एम.२ कार्डाच्या बटणांपेक्षा मोठी असतात, एकाची वायर दुसऱ्यावर बसत नाही. वायर काढताना ओढू नका, बटणाखालून नखाने सरळ वर उचला. बसवताना टिक् झालं पाहिजे. वायर नीट बसली नाही, तर राउटर शेजारी असतानाच नेट चालतं, दुसऱ्या खोलीत गायब होतं, आणि दोष कार्डावर येतो.

चौथं, ड्रायव्हर. नव्या कार्डांना विंडोज ७ चालत नाही. एएक्स २०० साठी विंडोज १० किंवा ११, तीही ६४ बिटची, लागते. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण कार्ड काढलं की नेटही गेलं.

उघडण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. कार्ड बसूनही वायफाय दिसत नसेल, तर काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला वायफायचा छोटा सरकता खटका असतो, तो आधी बघा.

एवढं करूनही यादीतलं कार्ड मिळालं नाही, तर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी डोंगल घ्या. बायोसची यादी त्याला अडवत नाही. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं. पण घरची जोडणीच १०० मेगाबिटची असेल, तर लॅपटॉप उघडायचं कारणच उरत नाही.