टॅपेट ठेवावे की बदलावे?

बुलढाणा जिल्ह्यात विहिरीवरील तेल-इंजिन पावसाळ्यात बहुधा उभे असते. मोठी दुरुस्ती तेव्हाच उरकावी. रिंगा व बेअरिंगे बदलण्याचा खर्च शेतकरी मान्य करतो, टॅपेटांकडे मात्र क्वचितच पाहिले जाते. मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाची प्रत्येक झडप तासात ४५,००० वेळा उघडते, आणि तो सारा भार कॅम व टॅपेट यांच्या चिंचोळ्या स्पर्शावर येतो.

टॅपेट काढताना इनलेटचे कोणते व एक्झॉस्टचे कोणते, अशी खूण करावी. सपाट दिसणारा तळ पुष्कळ इंजिनांत किंचित फुगीर असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरते व झीज सर्वत्र वाटली जाते. तळ पुसून त्यावर पोलादी पट्टी उभी धरावी व उजेडाकडे पाहावे. मध्यभागी फट दिसल्यास तळ खोलगट झाला आहे. असे टॅपेट, तसेच नखाला खड्डे लागणारे टॅपेट, बाद समजावे. ही कसोटी शेतकऱ्यास समक्ष दाखवावी. कानशीने तळ 'सारखा' करून देण्याचा आग्रह काही मिस्त्री धरतात. तो मानू नये. वरचा कठीण थर पातळच असतो.

कॅमशाफ्ट नवा घातल्यास टॅपेटही नवीच घालावीत. कॅम व टॅपेट दोन्ही जुनी पण निर्दोष असल्यास ती आपापल्या जागी खुशाल बसवावीत. कॅमचे टोकच झिजले असेल, तर नुसते नवे टॅपेट घालणे व्यर्थ होय. स्क्रू आवळून आवाज थांबेल, पण झडप पुरी उघडणार नाही. एका सिलिंडरला टॅपेट दोनच लागतात. हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी इंजिन पुन्हा उघडण्यापेक्षा, संशय असल्यास ती आताच बदलावीत व बसवताना तळाला तेल लावावे.