‘मिनरल’ वाइन, नाशिकची माती आणि माझं न खपलेलं घाण्याचं तेल

व्हिडिओत सुलाचं उदाहरण अर्धवट राहिलं, ते इथे पूर्ण करते. वाइन तुम्ही पीत असाल-नसाल, आपल्याला बघायचीय विक्री.

राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, मग ती सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आले. आधी आंबा, खायची द्राक्षं असे प्रयोग झाले. नंतर सोविन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या. 2000 साली पहिली वाइन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला.

आता अडचण बघा. सोविन्यॉन ब्लाँ ही ‘ड्राय’ पांढरी वाइन. ड्राय म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबवण्यात संपलेली. आपल्याकडे द्राक्षाचं काहीही म्हटलं की माणूस गोडच धरून चालतो. पहिल्या घोटाला आंबट लागलं की तोंड वाकडं! वर टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही. मग सांगायचं कसं?

जाणकार अशा वाइनला ‘मिनरल’ म्हणतात. ओल्या दगडासारखी, खडूसारखी चव. ऐकायला भारी वाटतं, पण वेल दगडाची चव उचलून द्राक्षात आणत नाही. मुळं जे क्षार घेतात ते इतके थोडे असतात की जिभेला कळतही नाहीत. तो भास मुख्यतः आंबटपणातून, कमी गोडीतून आणि काही गंधकयुक्त वासांतून येतो. माती महत्त्वाची आहेच, पण पाणी किती धरते आणि किती सोडते यासाठी.

खरं काम तोडणीच्या तारखेत आहे. युरोपात द्राक्ष साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात तोडतात. नाशकात ऑक्टोबरच्या आसपास छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. थंडीच्या रात्री आंबटपणा टिकवतात. उन्हाळा लागला की गोडी चढते, आंबटपणा उतरतो. म्हणजे थोडा उशीर झाला तरी ती तरतरीत चव गेली. नंतर स्टीलच्या टाकीत, कमी तापमानात आंबवायचं.

हे सगळं बाटलीच्या लेबलवर कसं लिहिणार? सुलाने 2005 मध्ये मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली. या, वेली बघा, घोट घ्या, मग ठरवा. माझ्या मते त्यांचा सगळ्यात हुशार निर्णय हाच.

आता माझं ऐका. गोरेगावच्या दुकानात मी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल ठेवलं. बोर्डावर लिहिलं, ‘शुद्ध, नैसर्गिक, प्रीमियम’. दोन महिने 40 बाटल्या जागच्या जागी. पैसे अडकले, आणि त्यातले निम्मे उधारीचे. एक काकू म्हणाल्या, “अगं, सगळेच शुद्ध लिहितात. वास तरी दाखव!” दुसऱ्या दिवशी बाटली फोडली, लसणाच्या चटणीवर कच्चं तेल घालून भाकरीचे तुकडे काउंटरवर ठेवले. लोक थांबायला लागले. सगळ्यांनी घेतलं नाही, पण ज्यांनी घेतलं ते पुन्हा आले. बोर्ड मी काढून टाकला.

फुकट चाखवणं परवडतं का? मांडून बघू. समजा एका चवीला तेल-भाकरी धरून 4 रुपये. 100 जणांना दिलं, 400 रुपये गेले. 10 जणांनी बाटली घेतली तर प्रत्येक गिऱ्हाईक 40 रुपयांना पडलं. बाटलीमागे नफा 80 असेल तर 40 उरले. 5 जणांनीच घेतली तर हातात शून्य. म्हणून दुसऱ्यांदा कोण आलं याची वही ठेवा, कमाई तिथे दिसते.

या आठवड्याचं काम: दुकानातली सगळ्यात जास्त दिवस पडून राहिलेली एक वस्तू निवडा. तिच्यावर लिहिलेले शब्द वाचा. त्यातला कुठला शब्द गिऱ्हाईकाला तिथल्या तिथे चाखून, हुंगून किंवा हात लावून पटवता येईल, तेवढे वहीत उतरवा. पुढच्या व्हिडिओत तीच वही घेऊन बसू.